अवघड जागेचे दुखणे



गोदाकाठच्या या व्याख्यानमालेला शतकाहून अधिक वर्षांची परंपरा आहे. येथे राजकारणावर, साहित्यावर, धर्मावर आणि विज्ञानावर थोरामोठ्यांनी आपले विचार मांडले. त्याच मालेत फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या मांडीच्या आणि खुब्याच्या स्नायूंवर बोलावयास उभे राहताना मनाला थोडा संकोच वाटतो. पण आजचा विषय खरे पाहता या संकोचापासूनच सुरू होतो.

आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे : अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य. सासूला दुखणे सांगता येत नाही आणि सांगितल्याखेरीज औषध मिळत नाही. मैदानावर खेळणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची अवस्था नेमकी अशीच होते. गुडघा मुरगळला तर तो लंगडत येऊन दाखवतो, घोटा सुजला तर बर्फ मागतो. जांघेत दुखू लागले की मात्र तो गप्प बसतो. आईला सांगण्याची लाज, गुरुजींना सांगण्याची त्याहून अधिक लाज, आणि मित्रांना सांगावे तर थट्टा. "पाय जरा भरून आलाय" एवढे म्हणून तो पुढच्या सामन्यात उतरतो. दुखणे दोन आठवड्यांचे असते, ते दोन महिन्यांचे होते, आणि कधी कधी अख्खा हंगाम गिळून बसते.

यात बिघडते काय, असे कोणी विचारील. खेळच तो, पुढच्या वर्षी खेळेल! परंतु शालेय स्पर्धा वयोगटांच्या असतात. सतरा वर्षांखालील गटातून खेळण्याची संधी ज्याची हुकली त्याला ते वर्ष कोणी परत देत नाही. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतल्या किंवा त्र्यंबक-पेठच्या पाड्यावरच्या मुलाला निवड-चाचणी आयुष्यात एखाद्या वेळीच मिळते. खेळाच्या जोरावर वसतिगृह मिळावे, शिष्यवृत्ती मिळावी, पुढे एखाद्या खात्यात नोकरी मिळावी, असा त्या घराचा हिशेब असतो. तो हिशेब मांडीच्या आतल्या बाजूच्या वीतभर स्नायूवर टांगलेला आहे, हे घरात कोणाला ठाऊक नसते. आणि हे दुखणे पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगे आहे. म्हणून हा विषय आपल्यापुढे मांडण्याचे धाडस मी करतो आहे.

प्रथम ही जागा कोणती ते पाहू. पोट जेथे संपते आणि मांडी जेथे सुरू होते त्या घडीला आपण जांघ म्हणतो. तिच्या मध्यभागी, ओटीपोटाच्या अगदी खाली जे हाड हाताला लागते त्याला शरीरशास्त्रात जघनास्थी असे नाव आहे. उजवे आणि डावे अशी ही दोन हाडे समोर एकमेकांना जोडलेली असतात. या हाडापासून पाच स्नायूंचा एक जुडगा निघतो आणि मांडीच्या आतल्या बाजूने खाली जातो. दोन्ही मांड्या एकमेकींच्या जवळ ओढणे हे त्याचे काम. आपण त्यांना 'जवळ ओढणारे स्नायू' म्हणू. याच्या उलट, खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, कमरेच्या हाडापासून मांडीच्या हाडापर्यंत जे स्नायू आहेत ते पाय बाहेर नेतात, आणि एका पायावर उभे राहिलो असता कंबर दुसऱ्या बाजूला कलू देत नाहीत. त्यांना 'दूर नेणारे स्नायू' म्हणू. तिसरा गट पोटाच्या स्नायूंचा. तो वरून येऊन त्याच जघनास्थीला चिकटतो. चौथा स्नायू कण्याच्या आतल्या बाजूने निघून जांघेतून खाली उतरतो आणि मांडी पोटाकडे उचलतो.

ज्यांनी यात्रेत तंबू उभारताना पाहिला असेल त्यांना ही रचना समजावयास अडचण पडू नये. मधला खांब सरळ राहतो तो स्वतःच्या बळावर नव्हे, तर चारी बाजूंच्या तणाव्यांमुळे. एक तणावा ढिला आणि समोरचा ताठ असेल तर खांब कलतो, आणि वाऱ्याचा झोत आला की नेमका कच्चा दोर तुटतो. कमरेच्या हाडांच्या या खांबाला आतून, बाहेरून, वरून आणि खालून असेच तणावे बांधलेले आहेत. जांघेचे दुखणे म्हणजे बहुधा या तणाव्यांच्या ओढाताणीचा हिशेब चुकणे होय.

या भागातील दुखण्याला पूर्वी डॉक्टर मंडळी इतकी वेगवेगळी नावे देत की एकाचे निदान दुसऱ्याला कळू नये. हा गोंधळ मिटविण्यासाठी २०१४ साली दोहा येथे १४ देशांतील २४ तज्ज्ञ एकत्र बसले. दुखणे जवळ ओढणाऱ्या स्नायूंचे आहे, मांडी उचलणाऱ्या स्नायूचे आहे, पोटाच्या खालच्या भिंतीचे आहे, जघनास्थीचे आहे की खुद्द खुब्याच्या सांध्याचे आहे, अशी त्यांनी सोपी विभागणी केली. फुटबॉलपटूंत यांतील पहिला प्रकार सर्वांत अधिक आढळतो. युरोपातील व्यावसायिक संघांच्या अनेक हंगामांच्या नोंदींवरून असे दिसले की एका हंगामात होणाऱ्या एकूण दुखापतींपैकी १२ ते १६ टक्के दुखापती खुबा आणि जांघ या भागाच्या असतात, आणि त्यांतल्या ६४ टक्के जवळ ओढणाऱ्या स्नायूंच्या असतात. म्हणजे उत्तम मैदान, उत्तम आहार आणि दिमतीला वैद्य असतानाही ही स्थिती आहे. आपल्याकडच्या खडकाळ मैदानावर, उपाशीपोटी सरावाला येणाऱ्या मुलाची काळजी किती अधिक घ्यावी लागेल, हे निराळे सांगावयास नको.

आता फुटबॉलमध्येच हे दुखणे एवढे का? आपल्या जिल्ह्याने धावपटू दिले. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले, हे आपणा सर्वांना अभिमानाने ठाऊक आहे. धावपटूचा पाय मुख्यतः पुढे-मागे चालतो. फुटबॉलपटूचा पाय मात्र पुढे, मागे, आडवा, तिरपा असा सर्व दिशांना जातो. वेगाने धावता धावता तो एकदम थांबतो, एका पायावर वळतो, बाजूला झेप घेतो. आणि तो चेंडू मारतो तेव्हा काय होते ते बारकाईने पाहा. मारण्यापूर्वी पाय मागे आणि थोडा बाहेर जातो. त्या क्षणी मांडीच्या आतला स्नायू रबरासारखा ताणला जातो, आणि ताणलेल्या अवस्थेतच त्याला जोर लावून पाय पुढे खेचावा लागतो. स्नायू लांब होत असताना जोर करणे, हे त्याच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचे काम आहे. भरलेली घागर विहिरीत सावकाश खाली सोडताना हात लांब होत असतानाच त्याला जोर लावावा लागतो, असा अनुभव पुष्कळांना असेल. त्याच जातीचे हे काम आहे. एका सरावात असे शेकडो वेळा घडते. दुसरा पाय जमिनीवर रोवलेला असतो. त्या बाजूचे दूर नेणारे स्नायू दुबळे असतील तर कंबर कलते, आणि कललेल्या कमरेचा ताणही शेवटी जांघेवरच येतो.

येथे मी आपले लक्ष आपल्या जुन्या तालमीकडे वळवू इच्छितो.

महाराष्ट्रात फुटबॉलचे वेड खरे कोठे असेल तर ते कोल्हापुरात. शाहू स्टेडियमवर सामना असला की निम्मे शहर तेथे लोटते. आणि तेथील संघांची नावे तरी कोणती? पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ! चेंडू विलायती, पण नाव तालमीचे. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा झाली, तेव्हा भारताच्या संघात अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा होता. ज्या गावाने लाल मातीत मल्ल घडविले त्याच गावाने हिरवळीवर फुटबॉलपटू घडविले, हा योगायोग नव्हे.

कुस्तीत मल्ल काय करतो? समोरच्याचा पाय आपल्या दोन मांड्यांत आवळून धरतो, पाय रुंद रोवून कंबर खाली ठेवतो, ढकलला जात असताना एका पायावर तोल सावरतो. यात जवळ ओढणारे आणि दूर नेणारे असे दोन्ही स्नायू न सांगता कसले जातात. मल्लखांबाचे तर विचारूच नका. मल्लखांबावरची पहिली शिकवण म्हणजे अढी. गुळगुळीत, तेल लावलेला लाकडी खांब, आणि त्याला केवळ मांड्यांच्या आणि पायांच्या पकडीने देह लटकवावयाचा! शरीराचे सारे ओझे जवळ ओढणाऱ्या स्नायूंवर येते. या विद्येचे पुनरुज्जीवन करणारे बाळंभट्टदादा देवधर हे आपल्या नाशिक जिल्ह्यातील कोठुऱ्याचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात आव्हान देणाऱ्या मल्लांना तोंड देण्यापूर्वी त्यांनी वणीच्या सप्तशृंगीपाशी उपासना केली आणि तेथे मारुतिरायाने त्यांना दृष्टान्त देऊन ही विद्या दाखविली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी ही विद्या आपल्या मातीतली आहे, यात शंका नाही.

मल्लखांब केल्याने फुटबॉलपटूची जांघ सुरक्षित राहते हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे, असा माझा दावा नाही. पूर्वजांना सारे ठाऊक होते असे म्हणून टाळ्या मिळविणे सोपे असते, पण त्याने मुलाचे दुखणे थांबत नाही. माझे म्हणणे एवढेच की, पूर्वी मुलगा चेंडूकडे वळण्याआधी मातीत लोळलेला आणि खांबावर चढलेला असे, म्हणून त्याच्या आडव्या बळाची तयारी खेळता खेळता होऊन जाई. आज मुलगा शाळेच्या बाकावरून उठतो तो थेट बूट घालून मैदानावर जातो. व्यायाम म्हणून कोणी चार जोर-बैठका घालतो. जोर-बैठका उत्तमच, पण त्यांत हालचाल वर-खाली आणि पुढे-मागे होते. मांडी आत ओढण्याचे बळ त्यांतून बेताचेच येते. राहून गेलेली ही बाजू आता जाणूनबुजून भरून काढली पाहिजे.

ती भरून काढता येते याला पुरावा काय, असे आपण विचाराल, आणि विचारलेच पाहिजे.

पहिला पुरावा अमेरिकेतून, आणि तोही फुटबॉलचा नव्हे, बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीचा. २००१ साली तेथील संशोधकांनी व्यावसायिक खेळाडूंचे बळ हंगामापूर्वी मोजून ठेवले आणि पुढे कोणाला दुखापत होते ते पाहिले. ज्याच्या जवळ ओढणाऱ्या स्नायूंचे बळ दूर नेणाऱ्या स्नायूंच्या ८० टक्क्यांहून कमी होते, त्याला तो स्नायू दुखावण्याचा धोका इतरांच्या १७ पट आढळला. मग अशा दुबळ्या खेळाडूंना निवडून हंगामापूर्वी व्यायाम दिला. दर हजार सामना-हजेऱ्यांमागे पूर्वी ३.२ दुखापती होत, त्या ०.७१ वर आल्या. हा अभ्यास एका लहान गटाचा होता हे खरे, पण त्याने वाट दाखविली.

दुसरा पुरावा थोडा कडू आहे, आणि म्हणूनच तो सांगितला पाहिजे. डेन्मार्कमध्ये ५५ फुटबॉल संघांवर एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. तेथे खेळाडूंना सरावापूर्वी निरनिराळे हलके व्यायाम दिले होते. दुखापती ३१ टक्क्यांनी कमी झाल्यासारख्या दिसल्या, परंतु गणिताच्या कसोटीवर तो फरक टिकला नाही. यातून धडा असा निघाला की पाच-सहा हलके व्यायाम उरकल्यासारखे करून भागत नाही. स्नायूला खरोखर भार पडला पाहिजे, आणि तोही तो ताणला जात असताना पडला पाहिजे.

तिसरा पुरावा नॉर्वेचा, २०१९ सालचा. ३५ संघ, ६५२ खेळाडू. संघांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटाने नेहमीचाच सराव केला. दुसऱ्याने त्यात एकच व्यायाम घातला : हंगामापूर्वी आठवड्यातून तीनदा आणि हंगामात आठवड्यातून एकदा. हंगामभर दर आठवड्याला विचारणा केली. नेहमीचा सराव करणाऱ्यांत सरासरी २१.३ टक्के खेळाडू जांघेच्या तक्रारी सांगत होते. व्यायाम करणाऱ्यांत १३.५ टक्के. तक्रारीचा धोका ४१ टक्क्यांनी कमी झाला. एक व्यायाम, पाच-दहा मिनिटे, आणि साहित्य म्हणून शेजारी एक मित्र!

हे आकडे नीट समजून घ्या. व्यायाम करणाऱ्यांतही दुखणे संपले नाही. शंभरांतील तेरा-चौदा जणांना ते होतेच. व्यायाम म्हणजे कवचकुंडले नव्हेत. पण जेथे पाचांपैकी एकाला त्रास होत होता तेथे तो सातांपैकी एकाला होऊ लागला. शाळेच्या संघात अठरा मुले असतात. त्यांतील एक-दोन मुलांचा हंगाम वाचला, तर ती दोन मुले कोणाच्या तरी घरची आहेत.

हा व्यायाम कसा करावयाचा ते सांगतो. त्याला कोपनहेगन शहराच्या नावाने ओळखतात. मुलाने एका कुशीवर आडवे व्हावे, खालच्या हाताच्या कोपरावर भार द्यावा. मित्राने मागे उभे राहून त्याचा वरचा पाय आपल्या कमरेच्या उंचीवर धरावा, एक हात घोट्याखाली आणि एक गुडघ्याखाली. आता मुलाने वरच्या पायाच्या बळावर कंबर जमिनीपासून उचलावी, शरीर डोक्यापासून पायापर्यंत सरळ रेषेत आणावे, आणि खालचा पाय वर नेऊन वरच्या पायाला टेकवावा. वर जाताना तीन अंक मोजावेत आणि खाली येताना तीन. खाली येताना घाई करू नये, कारण खरा लाभ त्या सावकाश उतरण्यातच आहे. आठ आठवडे हा व्यायाम केलेल्या तरुण खेळाडूंचे, ताणले जात असतानाचे बळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढल्याचे २०१६ सालच्या एका प्रयोगात आढळले.

पहिल्याच दिवशी हे जमणार नाही, आणि जमविण्याचा हट्टही करू नये. तीन पायऱ्या ठेवाव्यात. पहिली पायरी : कुशीवर पडून, वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे ठेवावा आणि खालचा सरळ पाय जमिनीपासून वीतभर उचलून सावकाश खाली आणावा. दुसरी पायरी : वर सांगितलेलाच व्यायाम, पण मित्राने पाय घोट्याशी न धरता गुडघ्याशी धरावा, म्हणजे भार कमी पडतो. तिसरी पायरी : पुरा व्यायाम. सुरुवात प्रत्येक बाजूला तीन ते पाच वेळा करून, अंगवळणी पडेल तसे दहा-बारांपर्यंत जावे. पहिल्या आठवड्यात मांडी आतून भरून येईल, त्याचे भय बाळगू नये. पण टोचल्यासारखी कळ आली तर एक पायरी खाली उतरावे. मित्र नसेल तर शाळेचा बाक आहेच. वरचा पाय त्यावर टेकवावा.

याच्या जोडीला खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे व्यायाम हवेत, नाही तर एक तणावा ताठ आणि दुसरा ढिला अशी स्थिती होईल. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्याची गाठ मारावी, तो दोन्ही पायांत गुडघ्यांच्या किंचित वर अडकवावा आणि थोडे वाकून खेकड्यासारखे दहा पावले उजवीकडे, दहा पावले डावीकडे चालावे. पाठीवर निजून, गुडघे वाकवून, कंबर वर उचलावी. ते साधले की एकाच पायावर उचलावी. एका पायावर उभे राहून मित्राने फेकलेला चेंडू झेलावा. आणि दोन गुडघ्यांत फुटबॉल धरून तो जोराने दाबावा. हा शेवटचा व्यायाम तर आजीबाईंनाही करता येईल! एवढे सारे वीस मिनिटांत होते.

आता ज्याला दुखणे जडलेच आहे त्याच्याविषयी. आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक तर दुखणे दाबून, गोळी घेऊन, कधी कोणाकडून सुई टोचून घेऊन मुलगा खेळत राहतो. नाही तर "महिनाभर पाय हलवू नकोस" असा सल्ला मिळतो आणि महिन्याने मैदानावर परतताच पुन्हा तीच कळ. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका प्रयोगाने या दुसऱ्या समजुतीला चांगलाच धक्का दिला. जुनाट जांघदुखीच्या ६८ खेळाडूंचे ३४-३४ असे दोन गट केले. एका गटाला बळ वाढविणारे व्यायाम दिले, दुसऱ्याला मालिश, ताण देणे आणि विजेचे उपचार दिले. व्यायामाच्या गटातील २३ खेळाडू वेदनेशिवाय पूर्वीच्या खेळाकडे परतले. दुसऱ्या गटातील किती? चार! दुखऱ्या स्नायूला विश्रांती हवी ती थोडे दिवस. त्यानंतर त्याला काम हवे, मोजून मापून दिलेले काम. मात्र त्यालाही आठ ते बारा आठवडे लागतात, आणि हा धीर मुलाला एकट्याने धरता येत नाही. घराने आणि गुरुजींनी तो त्याला द्यावा लागतो.

दुखणे वेळीच ओळखण्याची एक सोपी युक्ती प्रशिक्षकांनी करून पाहावी. मुलाला पाय सरळ करून उताणे निजवावे, आपला हात त्याच्या दोन घोट्यांच्या मध्ये आडवा धरावा आणि पाच सेकंद त्याला पूर्ण जोराने दाबावयास सांगावे. मग विचारावे : शून्य ते दहा यांत जांघेत दुखले किती? दोनपर्यंत असेल तर खेळू द्यावे. तीन ते पाच असेल तर सराव कमी करावा आणि लक्ष ठेवावे. सहा किंवा त्याहून अधिक असेल तर थांबवावे आणि डॉक्टरांकडे पाठवावे. यात एक मोठा गुण असा आहे की मुलाला आपण होऊन काही सांगावे लागत नाही. सर्वांनाच विचारले जाते, म्हणून लाज वाटण्याचे कारण उरत नाही. अवघड जागेचे दुखणे अंकांत सांगता येऊ लागले म्हणजे ते अवघड राहत नाही.

परंतु प्रत्येक जांघदुखी स्नायूची नसते, हा इशारा दिल्यावाचून मी पुढे जाणार नाही. दहा ते सोळा वर्षांच्या मुलाला जांघेत, किंबहुना नुसत्या गुडघ्यात दुखत असेल आणि तो लंगडत असेल, तर खुब्याच्या हाडाचे टोक आपल्या जागेवरून सरकलेले असू शकते. गुडघ्याला तेल चोळत बसून वेळ घालवू नये, क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. लांब पल्ल्याचे धावणाऱ्या, कमी खाणाऱ्या मुलीला पाऊल टाकताना जांघेत खोल दुखत असेल, तर खुब्याच्या हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. खोकताना जांघेत फुगवटा येत असेल तर तो अंतर्गळ असू शकतो. आणि मुलाच्या वृषणात अकस्मात तीव्र कळ उठली, ओकारी आली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. तेथे सकाळची वाट पाहावयाची नसते, पहिल्या सहा तासांवर सारे अवलंबून असते. अशा वेळी लाजेपायी गप्प बसलेला मुलगा आपला एक अवयव गमावून बसतो. आयांनी आणि वडिलांनी आपल्या मुलांना एवढे तरी आधीच सांगून ठेवावे की, या जागेचे दुखणे सांगण्यात कमीपणा नाही.

शेवटी दोन शब्द वेळेविषयी. आपण आता मे महिन्यात बसलो आहोत. शाळा बंद आहेत. मुले एक तर गावी गेली आहेत किंवा दुपारभर पडद्यापुढे बसली आहेत. जूनमध्ये शाळा उघडतील आणि पाठोपाठ आंतरशालेय स्पर्धांचे वारे वाहू लागतील. सुब्रतो चषक ही शाळांची स्पर्धा १९६० पासून चालत आली आहे, तिच्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यातून संघ निवडले जातात. दीड-दोन महिने बसून राहिलेला मुलगा एकदम रोज दोन तास पळू लागतो, चिखलात पाय घसरवीत चेंडू मारू लागतो, आणि आठवड्यात तीन-तीन सामने खेळतो. दुखापतीला यापरते दुसरे आमंत्रण कोणते? स्नायूला बळ यावयास सहा ते आठ आठवडे लागतात. आजपासून मोजले तर ते जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पुरे होतात. म्हणजे आरंभाचा मुहूर्त नेमका हाच आहे. ज्याला पूर्वी एकदा ही दुखापत झाली आहे त्याने तर एकही दिवस दवडू नये, कारण पुन्हा दुखावण्याचा धोका त्यालाच सर्वांत अधिक असतो.

या कामाला सरकारी अनुदान लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. आपल्या शहरात जुन्या व्यायामशाळा आहेत, मल्लखांबाचे खांब आजही उभे आहेत, क्रीडाशिक्षक आहेत, आणि आरोग्यविज्ञानाचे विद्यापीठ १९९८ पासून येथेच आहे. एका बाजूला जुनी विद्या, दुसऱ्या बाजूला नवे मोजमाप. दोघांची गाठ शाळेच्या मैदानावर घालून द्यावयाची आहे. प्रत्येक क्रीडाशिक्षकाने एक वही करावी. तीत मुलांची नावे, आठवड्याचा दाबाचा अंक आणि व्यायामाची पायरी लिहावी. दोन हंगामांनी ती वही उघडली म्हणजे आपल्या मातीतला पुरावा आपल्याच हाताशी येईल, आणि मग नॉर्वे-डेन्मार्ककडे पाहण्याची गरजही उरणार नाही.

आपण येथून घरी जाल तेव्हा आपला मुलगा, नातू किंवा पुतण्या चेंडू घेऊन अंगणात असेल. त्याला एवढेच विचारा, "काय रे, कुठे दुखतंबिखतं का?" तो नाही म्हणेल. मग त्याच्या हाती सायकलची ट्यूब द्या, शेजारच्या मित्राला बोलवा आणि दोघांना कुशीवर निजावयास सांगा. उद्याच्या सकाळी पहिले पाच वेळा झाले की या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.